जुने राक्षस, नवे सिनेमे: फ्रँकेन्स्टाइन आणि ड्रॅक्युला आजच्या पडद्यावर येताना सोबत काय आणतात?

पिंपळपार (धागाकर्ता)

२०२४ च्या डिसेंबरात रॉबर्ट एगर्सचा 'नोस्फेरातू' आला, २०२५ च्या एप्रिलमध्ये रायन कूगलरचा 'सिनर्स' (दोन्ही रक्तपिपासू व्हॅम्पायरचे) आणि त्याच वर्षाच्या अखेरीस गिएर्मो देल तोरोचा 'फ्रँकेन्स्टाइन'. तिघेही आघाडीचे दिग्दर्शक, तिन्ही सिनेमांत जीव ओतलेला, आणि तिघांचंही भांडवल एकोणिसाव्या शतकातलं. मेरी शेलीची कादंबरी १८१८ ची, ब्रॅम स्टोकरची १८९७ ची. मोबाइल आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या काळात या लोकांना पडका किल्ला, शवपेटी आणि टाके घातलेलं प्रेत का लागतं?

माझं मत आधी मांडतो, मग तुम्ही झोडपा. सुळे, झगा, मानेतले खिळे ही सगळी वरवरची रंगरंगोटी. मूळ कथेत राक्षसाला *कोणी* आणलं याचा हिशेब असतो. तो हिशेब चोख ठेवला की सिनेमा आजचा वाटतो, सोडला की नुसता जत्रेतला खेळ होतो.

शेलीच्या कादंबरीतला प्रसंग आठवा. नोव्हेंबरची रात्र, पाऊस, मेणबत्ती संपत आलेली. प्रेताचा पिवळट डोळा उघडतो आणि त्याला जिवंत करणारा व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन खोलीतून पळ काढतो. दुसरीकडे जाऊन झोपतो. जाग येते तर तो जीव पलंगाचा पडदा वर धरून याच्याकडे बघतोय, तोंडाने काहीतरी पुटपुटतोय, हात पुढे करतोय. व्हिक्टर पुन्हा पळतो. पुढचं सगळं हत्याकांड या पळण्यातून निघतं.

जेम्स व्हेलच्या १९३१ च्या सिनेमात काय केलं? मदतनीस फ्रिट्झच्या हातून चांगल्या मेंदूची बरणी फुटते आणि तो गुन्हेगाराचा मेंदू उचलून आणतो. झालं! राक्षस वाईट, कारण मेंदूच वाईट. बाप सुटला. राक्षस झालेल्या बोरिस कार्लोफचं काम अप्रतिम आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बसलेला फ्रँकेन्स्टाइन हा असा बापाला माफी देणारा आहे. देल तोरोने ती माफी काढून घेतली, म्हणून मला तो आवडला.

तुम्हाला काय वाटतं? या जुन्या राक्षसांतलं नेमकं काय आजच्या सिनेमात पोचतं आणि काय वाटेत गळतं? (पुढे रसभंग होणार, सिनेमे पाहिले नसतील तर जपून.)

---

मोगरा_वेल

वाचतेय. एक घरगुती प्रश्न: माझ्या लेकीला (वय १५) फ्रँकेन्स्टाइनचं वेड लागलंय. आधी पुस्तक द्यावं की सिनेमा दाखवावा? आणि कुठला?

---

हिशोबनीस

पिंपळपार, लेख छान, पण साधं कारण राहिलं. या कथा फुकट आहेत. लेखकांचे हक्क कधीच संपलेत, वारसांना दमडी द्यावी लागत नाही आणि नाव मात्र जगभर माहीत. नवा राक्षस लोकांच्या गळी उतरवायला जाहिरातीचा केवढा खर्च!

हक्कांचा इतिहासही गमतीचा आहे. मुर्नाऊचा १९२२ चा 'नोस्फेरातू' परवानगी न घेता केलेला. नावं बदलली, ड्रॅक्युलाचा ऑर्लोक झाला, पण स्टोकरच्या विधवेने, फ्लॉरेन्सने, पिच्छा सोडला नाही. जर्मन न्यायालयाने सगळ्या प्रती नष्ट करायचा हुकूम दिला. काही प्रती वाचल्या म्हणून आज आपण यावर बोलतोय. आणि सपाट डोक्याचा, खिळेवाला चेहरा युनिव्हर्सल स्टुडिओने स्वतःचा म्हणून जपला. त्यामुळे ब्रिटनच्या हॅमर कंपनीने १९५७ मध्ये फ्रँकेन्स्टाइन काढला तेव्हा त्यांना वेगळी रंगभूषा करावी लागली. आज प्रत्येक दिग्दर्शकाचा राक्षस वेगळा दिसतो त्यामागे कलेइतकाच वकिलांचाही हात आहे.

---

पिंपळपार

@हिशोबनीस, पैशाचं कारण मान्य. पण त्यातून एवढंच कळतं की हे सिनेमे *निघतात* का. काही *चालतात* आणि काही आपटतात ते का? त्याच युनिव्हर्सलने २०१७ मध्ये टॉम क्रूझला घेऊन 'द ममी' काढला. जुन्या राक्षसांचं अख्खं विश्व उभं करायचं ठरलं होतं. पहिल्याच सिनेमाला प्रेक्षकांनी पाठ फिरवली आणि बेत गुंडाळला. तीन वर्षांनी 'द इनव्हिजिबल मॅन' आला, जेमतेम ७० लाख डॉलरचा, आणि त्याने १४ कोटींच्या वर कमावले. दोन्ही कथा फुकटच्याच होत्या की.

---

वकीलीणकाकू

'इनव्हिजिबल मॅन'चा विषय निघाला म्हणून लॉगिन केलं. कौटुंबिक न्यायालयात वर्षानुवर्षं काम करतेय. या सिनेमाइतकं अंगावर आलेलं दुसरं काही नाही.

एच. जी. वेल्सची १८९७ ची कादंबरी आणि १९३३ चा सिनेमा, दोन्हींत केंद्रस्थानी अदृश्य झालेला माणूसच. त्याचा माज, त्याचं वेड. २०२० मध्ये ली व्हॅनेलने एकच बदल केला: कथा त्याच्या तावडीतून पळालेल्या बाईकडे दिली. जोडीदार मेला असं सगळे सांगताहेत, हिला मात्र तो खोलीत जाणवतोय. कॅमेरा तिच्यावरून सरकतो आणि रिकाम्या कोपऱ्यावर जाऊन थांबतो. तिथे काहीच नाही. आपण त्या कोपऱ्यात डोळे ताणून बघत बसतो. एकदा ती रात्री थंडीत घराबाहेर उभी असते, तोंडातून वाफ निघते, आणि तिच्या मागे हवेत आणखी एका श्वासाची वाफ उमटते. तिला दिसत नाही, आपल्याला दिसते.

माझ्यासमोर खुर्चीत बसणाऱ्या बायका हेच सांगतात. अंगावर वळ नसतात. "तो तसा वागत नाही हो, सगळ्यांशी किती गोड बोलतो", असं सासरच काय, माहेरही म्हणतं. पुरावा कुठून आणायचा? अदृश्य माणसाची कल्पना सव्वाशे वर्षं पडून होती, तिचा हा उपयोग कुणाला सुचला नव्हता. पिंपळपार म्हणतात तो हिशेब इथे आहे, पण माझ्या मते हिशेब कोण *मागतंय* हे जास्त महत्त्वाचं.

---

खिडकीपाशी

काकू, प्रतिसाद दोनदा वाचला. +१.

---

कातळकडा

माझं मत वेगळं. राक्षसात त्या त्या काळाचा रोग शिरतो. १९२२ चा ऑर्लोक बघा: टक्कल, उंदरासारखे दात, जहाजातून उंदीर घेऊन येतो आणि गावात प्लेग पसरतो. मागे महायुद्ध आणि इन्फ्लुएन्झाची साथ नुकतीच होऊन गेलेली. प्रेक्षकांनी घराघरातून प्रेतं निघालेली पाहिली होती. त्यांना हा पाहुणा कोण ते समजवावं लागलं नसणार.

आणखी एक. व्हॅम्पायर उन्हाने मरतो हे आपण पुराणकाळापासूनचं समजतो. स्टोकरचा ड्रॅक्युला दिवसाढवळ्या लंडनच्या पिकॅडिलीत फिरतो! दिवसा त्याची शक्ती कमी होते इतकंच. उन्हात विरून मरणं पडद्यावर आणलं ते १९२२ च्या या सिनेमाने. म्हणजे सिनेमा राक्षसाला नुसता उचलून आणत नाही, त्याचे कायदेही बदलतो, आणि शंभर वर्षांनी लोक ते कायदे मूळचेच समजतात.

---

संत्राबर्फी

म्हणजे नागपूरच्या मे महिन्यात व्हॅम्पायर सकाळी सहालाच आटोपला. विदर्भ सुरक्षित आहे, मंडळी निवांत झोपा.

---

खडूस_वाचक

धाग्याच्या सुरालाच माझा विरोध आहे. आजकाल राक्षसाला 'बिचारा' करायची फॅशन झालीय आणि देल तोरो तिचा मेरुमणी. २०१७ च्या 'द शेप ऑफ वॉटर'मध्ये जलचराशी प्रेमकथा करून त्याने ऑस्कर घेतलं, आता हे.

पुस्तकातला राक्षस काय करतो? व्हिक्टरच्या लहानग्या भावाचा, विल्यमचा, गळा दाबतो. मग त्या मुलाच्या गळ्यातलं आईचं चित्र झोपलेल्या जस्टिनच्या कपड्यांत सरकवतो आणि ती निरपराध मुलगी फासावर जाते. हे काम त्याने थंड डोक्याने केलंय. पुढे मित्र क्लेर्व्हल, मग लग्नाच्या रात्री एलिझाबेथ. देल तोरोच्या सिनेमात जस्टिन नाहीच. विल्यम मोठा माणूस आहे. एलिझाबेथला लागते ती व्हिक्टरची गोळी! राक्षसाच्या खात्यावरची पापं एकेक करून बापाच्या खात्यावर ढकलली. १९३१ मध्ये बाप सुटला म्हणता, २०२५ मध्ये लेक सुटला. दोन्हीकडे हिशेबात फेरफारच ना?

शेलीचं मोठेपण हे की ती दोघांनाही सोडत नाही. राक्षस मिल्टन वाचतो, प्लुटार्क वाचतो, आपल्यापेक्षा चांगलं बोलतो, त्याचं दुःख ऐकून तुमचं काळीज हलतं, आणि तरीही त्याचे हात एका पोराच्या गळ्याभोवती होते. हे दोन्ही एकदम पेलणारा सिनेमा मला दाखवा.

---

पिंपळपार

@खडूस_वाचक, जस्टिनचा मुद्दा वजनदार आहे. ती गेली की कथेतला सर्वांत बोचरा भाग जातो: व्हिक्टरला खरा खुनी माहीत असतो आणि तो न्यायालयात गप्प बसतो. तरी एक सांगतो. देल तोरोने व्हिक्टरला स्वतःचा क्रूर बाप दिला. त्याच्या हातची छडी खाऊन वाढलेला मुलगा तोच मार पुढे देतो. प्रयोगाला पैसा पुरवणारा शस्त्रांचा व्यापारी, प्रेतं क्रिमियन युद्धातली. युद्धाने मारलेल्या माणसांतून हा जीव शिवलाय आणि त्याला मरणही येत नाही. एवढं केल्यावर जीवाला खलनायक ठेवला असता तर सगळी रचना कोसळली असती.

---

पडदानशीन

दोन्ही एकदम पेलणारा सिनेमा? @खडूस_वाचक, १९३१ चाच बघा. तळ्याकाठचं दृश्य.

छोटी मारिया त्याला घाबरत नाही. फुलं देते. दोघं पाण्यात फुलं टाकतात, फुलं तरंगतात, तो आयुष्यात पहिल्यांदा हसतो. फुलं संपतात. तो रिकाम्या हातांकडे बघतो आणि मुलीला उचलून पाण्यात टाकतो. तीही तरंगेल असं वाटून. ती बुडते आणि तो गोंधळून, हात झटकत झाडीत पळतो. निरागसता आणि खून एकाच हालचालीत.

सेन्सॉरने या दृश्याला कात्री लावली. तो तिच्याकडे हात पुढे करतो तिथेच तुकडा संपायचा आणि नंतर थेट बाप मुलीचं प्रेत हातांवर घेऊन गावातून चालताना. प्रेक्षकांनी मधल्या जागेत काय काय भयंकर कल्पिलं असेल! अनेक दशकं लोकांनी तेच पाहिलं. कापलेला भाग १९८० च्या दशकात परत जोडला. राक्षसाला 'वाईट' ठरवण्यात त्या कात्रीचा वाटा मोठा आहे.

आणि व्हेल पहिल्या महायुद्धात लढलेला, जर्मनांच्या कैदेत राहिलेला माणूस. टाके घातलेले, जोडलेले चेहरे त्याच्या पिढीने रस्त्यावर पाहिले होते. कार्लोफच्या चेहऱ्यात मला ते दिसतात.

---

खडूस_वाचक

@पडदानशीन, तळ्याचं दृश्य कबूल. पण तिथे त्याला कळत नसतं. पुस्तकात त्याला सगळं कळत असतं. फरक इथे आहे आणि तो मी सोडणार नाही.

---

पीचट्री_पाटील

अटलांटाहून लिहितोय. 'सिनर्स'बद्दल कुणी बोललं नाही म्हणून.

स्टोकरने एक कायदा घातलाय: घरातल्या कुणीतरी बोलावल्याशिवाय ड्रॅक्युलाला पहिल्यांदा आत येता येत नाही. स्वीडनच्या 'लेट द राइट वन इन'मध्ये (२००८) ते फार सुंदर वापरलंय. मुलगा चिडवतो, न बोलावता आलीस तर काय होईल? एली, म्हणजे लहान मुलीच्या रूपातली व्हॅम्पायर, आत पाऊल टाकते आणि तिच्या डोळ्यांतून, कानांतून, केसांतून रक्त झिरपायला लागतं. तो ओरडून "ये, ये" म्हणतो.

कूगलरने हा कायदा १९३२ च्या मिसिसिपीत नेऊन ठेवला. जुळ्या भावांनी जुनी लाकूडगिरणी विकत घेऊन कृष्णवर्णीयांसाठी नाचगाण्याचा अड्डा काढलाय. एकच रात्र स्वतःची म्हणावी अशी जागा. दारात रेमिक नावाचा आयरिश व्हॅम्पायर उभा, हातात बॅन्जो, तोंडात गोड भाषा: आम्हाला आत घ्या, आमच्यात सगळे समान. ज्या समाजाला शेकडो दारांवर अडवलं, त्याला एकदा स्वतःच्या दारावर "नाही" म्हणायचा हक्क मिळालाय. सगळा ताण त्या उंबरठ्यावर आहे. आणि रेमिक नुसता लुटारू नाही, त्याच्या स्वतःच्या लोकांची जमीन आणि धर्म परक्यांनी गिळलेत. त्याला अड्ड्यावर गाणाऱ्या सॅमी नावाच्या पोराचं गाणं हवंय, कारण त्यातून त्याला आपली मेलेली माणसं परत भेटतील.

आत अडकलेले लोक एकेक करून सगळ्यांसमोर लसणाची पाकळी चावतात, कोण अजून माणूस आहे ते तपासायला. आमच्या थिएटरमध्ये टाचणी पडली तरी ऐकू आली असती. शेवटी दार उघडतं ते कशाने? पोरीच्या काळजीने वेडी झालेली आई ओरडून त्यांना आत बोलावते. पिंपळपार, तुमचा "कोणी आणलं" हा मुद्दा यापेक्षा ठळक कुठे मिळणार?

---

कातळकडा

पाटील, हेच 'नोस्फेरातू'त (२०२४). नायिका एलेनने मुलगी असताना एकटेपणात कुणालातरी साद घातली आणि ऑर्लोकने ती ऐकली. १९२२ मध्येही ती स्वतःचा बळी देऊन त्याला पहाटेपर्यंत अडकवते. इथे बोलावणंही तिचंच आणि निकालही तीच लावते, पहाटे कोंबडा आरवेपर्यंत त्याला धरून ठेवून.

---

बेताळपुत्र

गोव्याहून. आपल्याकडे हे राक्षस का रुजले नाहीत, असं कुणी विचारायच्या आत सांगतो: आपल्याकडचा वेताळ कधी परका नव्हताच. रिचर्ड बर्टनने १८७० मध्ये विक्रम-वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत नेताना शीर्षकात त्याला व्हॅम्पायर करून टाकलं. पण आमच्या आमोण्याचा, लोलयेचा बेताळ हा देव. रात्री गावाची राखण करत फिरतो म्हणून त्याला चामड्याच्या वहाणा वाहतात. झिजल्या की नव्या. त्याला कोण घाबरून घराबाहेर ठेवणार?

म्हणून आपल्या सिनेमाला वाडा आणि हवेली लागली, किल्ल्यातला सरदार नाही. 'महल' (१९४९) बघा. भीती आहे ती घराची आणि मागच्या जन्माची.

---

व्हीएचएस_बंडू

रामसे बंधूंना विसरून कसं चालेल! 'बंद दरवाजा' (१९९०) म्हणजे सरळ ड्रॅक्युला: काळी पहाडी, शवपेटीत झोपणारा नेवला नावाचा राक्षस, वटवाघूळ, सगळं. क्रूसाच्या जागी आपली देवचिन्हं. आणि ऐका, त्यातही तो स्वतःहून येत नाही. ठाकूरच्या बायकोला मूल होत नसतं, म्हणून ती त्याच्या दारी जाते आणि मुलगी झाली तर तुझी असा करार करते. हसू नका, कथेचा कणा पक्का आहे. लहानपणी भाड्याच्या व्हिडिओवर पाहिलेला, मधेच लाइट गेले आणि आख्खी चाळ किंचाळली.

---

हिशोबनीस

आणि 'तुंबाड' (२०१८)! राही अनिल बर्वे आपलाच, प्रेरणा नारायण धारपांच्या कथेची. २०२४ मध्ये पुन्हा लावला तर पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई. हक्क फुकट नव्हते, नाव जगप्रसिद्ध नव्हतं, तरी चालला. माझ्याच मुद्द्याला यातून धक्का बसतो, पण नोंदवायला हवा. विनायक लोभ वारशाने घेतो आणि पोराला कणकेची बाहुली धरून विहिरीत उतरायला शिकवतो. वाडा, शाप, बाप, लेक. पिंपळपारांची यादी पूर्ण.

---

वकीलीणकाकू

बाप-लेकांचं चाललंय म्हणून आठवण करून देते: हा पहिला राक्षस एका अठरा वर्षांच्या आईने लिहिला. १८१५ मध्ये मेरीची पहिली मुलगी, दिवस भरायच्या आधी जन्मलेली, काही दिवसांत गेली. तिच्या रोजनिशीत नोंद आहे: स्वप्नात बाळ जिवंत झालं, ते नुसतं गारठलं होतं, शेकोटीपाशी चोळलं आणि जगलं. जाग आली तर बाळ नाही. पुढच्याच वर्षी जिनिव्हाच्या तळ्याकाठी, तांबोरा ज्वालामुखीने उन्हाळा गिळलेल्या त्या पावसाळी दिवसांत, बायरनने सगळ्यांना भुताची गोष्ट लिहायला सांगितली आणि हिने मेलेल्यातून उठणारा जीव लिहिला.

म्हणून व्हिक्टरचं पळणं मला कुठल्याही रक्तपातापेक्षा भयानक वाटतं. जिला लेकरू परत हवं होतं तिने, लेकरू उठून बसल्यावर तोंड फिरवणारा माणूस लिहिलाय.

---

पिंपळपार

काकू, हे वाचून थोडा वेळ काही लिहवेना.

माझं मत तेच आहे, पण दोन गोष्टी त्यात घालतो. काकूंचं म्हणणं, हिशेब कोण मागतंय ते बघा. आणि खडूसरावांचं, दोघांनाही सोडू नका. जस्टिनला फासावर नेणारा आणि तरी राक्षसाला पूर्ण बोलू देणारा सिनेमा मलाही बघायचाय.

---

मोगरा_वेल

सगळं वाचलं, पण माझा प्रश्न तसाच लटकलाय हो. लेक विचारतेय!

---

पडदानशीन

मोगराताई, आधी १९३१ चा दाखवा. सव्वा तासाच्या आतला आहे, रक्त नाही. लगेच १९३५ चा 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन', त्यात एल्सा लँचेस्टर मेरी शेलीही होते आणि वधूही. देल तोरोचा आधी तुम्ही बघा, अंगावर येणारी हिंसा बरीच आहे, मग ठरवा.

---

खडूस_वाचक

आणि पुस्तक घेताना १८१८ ची आवृत्ती बघून घ्या. बाजारात बऱ्याचदा १८३१ ची मिळते. त्यात मेरीने व्हिक्टरच्या तोंडी नशिबाची भाषा जास्त घातली, जणू हे घडणारच होतं. १८१८ मध्ये तो प्रत्येक वळणावर थांबू शकत होता आणि थांबला नाही. पंधराव्या वर्षी तीच वाचू दे. वाचून झाली की तिला इथे लिहायला सांगा, जस्टिनच्या खटल्यात व्हिक्टर गप्प बसला त्याबद्दल तिचं काय म्हणणं आहे ते मला ऐकायचंय.